ते सांगणं तुझं होतं

शालन,

तुला जाऊन तीन आठवडे झाले. अजून दुपारी जरा डोळा लागला की तू येतेस. साडी वर खोचलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. पडवीच्या पायरीवर बसतेस आणि खाडीकडे बघत राहतेस. मी म्हणते, आत ये, पाय धू. तू नुसती हसतेस. मग मला जाग येते. पायरीवर कुणी नसतं आणि समोर भरतीचं पाणी चढत असतं, इतकं हळू की पाणी हलतंय की आपलंच डोकं फिरतंय ते कळू नये.

तुमच्या घरी दिवसकार्याला आले होते. माणसं तुझ्याविषयी चांगलं बोलत होती, कष्टाळू, सोशिक, कधी वर तोंड करून बोलली नाही. मला ते ऐकवेना. तू माझ्याशी नऊ वर्षं वर तोंड करून भांडलीस. ते भांडण मिटलेलं नाही आणि तू मधेच उठून गेलीस. म्हणून लिहिते आहे. नोकरीत नुसते फॉर्म भरले, असं काही लिहायची मला सवय नाही. चुकलं तर सोडून दे.

मी तुमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आले तेव्हा दीपा तीन वर्षांची होती आणि तुला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. कट्टा गावाला बाजार करून तू परतायचीस तेव्हा वाटेत माझ्याकडे पाणी प्यायला थांबायचीस. सुरुवातीला सिस्टर म्हणायचीस. ईदला मी सांदणं दिली आणि तू ती चुलीपुढे बसून एकटीनं संपवलीस, तेव्हापासून मी जुबेदाबाय झाले. ह्या खेपेला मुलगा होणार असं सगळं घर धरून चाललं होतं. मुलगाच झाला. दीड दिवस तू अडलीस आणि तो रडलाच नाही.

तुला इस्पितळात नेलं त्या जीपमधला तुझा हात मला आठवतो. मागच्या भागात तू आडवी, तुझं रक्त थांबेना, आणि मी तुझ्या पोटावर दाब देऊन बसलेली. रस्त्याला खड्डा आला की तुझा हात माझ्या मनगटावरून सुटायचा. मग तू डोळे मिटलेलेच ठेवून तो परत शोधायचीस. अनंतभाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. तुझ्या नवऱ्यानं त्या सबंध वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला राग आला होता. पुढे कळलं, की मागे वळलो तर तू मेलेली दिसशील ह्या भीतीनं त्यांची मान वळत नव्हती.

तू वाचलीस. दीड महिन्यानं एका दुपारी उपकेंद्रात आलीस, दार लोटून घेतलंस आणि म्हणालीस, तांबी बसव. कॉपर-टीला आपल्याकडे बायका तांबीच म्हणतात. मी विचारलं, घरी बोललीस? नाही म्हणालीस. अनंतभाऊ वाईट माणूस नाहीत, त्यांना सांग, असं मी म्हटल्यावर तू जे बोललीस ते मी कधी विसरले नाही.

"तेका सांगलंय तर तो ऐकात. पण आवशीक सांगल्याबिगर तो रवाचो नाय."

आईपाशी त्यांचं काही लपत नसे आणि सासूबाईंना तर नातू हवा होता. मी तांबी बसवली. तीन वर्षांनी बदलावी लागेल म्हणून सांगितलं आणि तू मला शपथ घातलीस, की हे आपल्या दोघींच्या बाहेर जायचं नाही. मी हो म्हटलं. तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं.

तीन वर्षं व्हायच्या आत माझी बदली आरोंद्याला झाली. नंतर कट्ट्याच्या स्टँडवर आपण एकदा भेटलो. मी हळूच विचारलं. तू म्हणालीस, बघूया. पुढच्या भेटीला सासूबाई बरोबर होत्या, मी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या भेटीत तू खूश होतीस, दीपाला शाळेत बक्षीस मिळालं होतं, आणि मला वाटलं आजचा दिवस कशाला. मग विचारायचं राहूनच गेलं. मी शेकडो बायकांना तारखा लक्षात ठेवायला सांगितल्या. तुझी तारीख मला तोंडपाठ होती आणि मी ती तोंडातच ठेवली.

एवढं मात्र तू एकदा मला हसत सांगितलं होतंस. देवळात तुझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं होतं. तू नारळ घेऊन उभी. ह्या लेकराची कूस उजव म्हणून देवाला साकडं घातलं जात होतं आणि जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणत होती. मी विचारलं, मग तू काय केलंस? तू म्हणालीस, "मी पण म्हटलंय, होय म्हाराजा." आणि इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं. नंतर ते पाणी पदरानं पुसलंस. देवाला तरी ठाऊक होतं ना, असं काहीसं मी म्हणाले. तू मान हलवलीस, पण तुझं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

अशी पंधरा वर्षं गेली. सासूबाई गेल्या. नातवाचं बोलणं त्यांच्याबरोबर संपलं. आता सांगायला काय हरकत होती, असं मी तुला पुढे कितीदा विचारलं. तुझं उत्तर एकच, आता सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

मग तू वाळायला लागलीस. ओटीपोटात दुखायचं, संध्याकाळी बारीक ताप यायचा, ब्लाउज खांद्यावरून ओघळायचे. तू काजूच्या बियांच्या उष्णतेवर ढकललंस. अनंतभाऊंनी मला फोन केला आणि आपण तिघं सोनोग्राफीला गेलो. डॉक्टरांना पोटात उजव्या बाजूला मोठी गाठ दिसली. अंडाशय आणि नळी एकमेकांत गुरफटून गेलेली, गर्भाशय त्यांच्याआड नीट दिसेना. स्क्रीनकडे बघत त्यांनी सहज विचारलं, कॉपर-टी बसवली होती का कधी? अनंतभाऊ दारात तुझी पिशवी धरून उभे होते. तू माझ्याकडे पाहिलंस.

"नाय. कधीच नाय."

आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. शालन, तू मला ह्याबद्दल कधीच बोल लावला नाहीस, कारण तुझ्या लेखी मी त्या दिवशी शब्द पाळला. पण मी नर्स होते. तो प्रश्न कशासाठी विचारला हे त्या खोलीत डॉक्टरांखालोखाल मला कळत होतं. बारा दिवस मी गप्प राहिले. त्या बारा दिवसांत तुझा ताप रोज चढत होता.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात कॅन्सरचा संशय पक्का धरला गेला. रक्ताचा एक रिपोर्ट वाढलेला, गाठ आतड्याला चिकटलेली. ऑपरेशनचा दिवस ठरला. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, नळ्या, सगळं काढायचं आणि लागलं तर आतड्याचा तुकडाही. तू शांत होतीस. दीपाच्या लग्नासाठी कुठलं सोनं ठेवायचं ते मला सांगत होतीस. मी ऐकत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी अनंतभाऊ रक्ताची सोय बघायला गेले, तू आंघोळीला गेलीस, आणि मी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरबाईंना कॉरिडॉरमध्ये गाठून सांगून टाकलं. पंधरा वर्षं. मीच बसवलेली. काढलेली नाही.

त्यांनी मला दोनदा विचारून खात्री केली. ऑपरेशन पुढे ढकललं. तुला परत तपासलं, तांबी काढली, ती आणि गाठीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. पाच-सहा दिवसांनी उत्तर आलं. कॅन्सर नव्हता, एका जंतूनं धरलेली गाठ होती. डॉक्टरबाईंनी मला समजावलं की हा जंतू आपल्या सगळ्यांच्या तोंडात असतो, काही करत नाही. पण एखादीच्या पोटात विसरलेली तांबी वर्षानुवर्षं राहिली तर क्वचित कधी तो तिच्या आधारानं वर चढतो. नळीत, अंडाशयात सूज धरतो, झाडाच्या मुळांसारखा आजूबाजूला पसरतो आणि हुबेहूब कॅन्सरचं रूप घेतो. इतक्या बायका तांबी वापरतात, त्यांना असलं काही होत नाही, वेळेवर बदलली तर बहुतेक नाहीच. त्यांनी स्वतः हा आजार पुस्तकातच वाचला होता, पेशंट पहिल्यांदा बघत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली ह्या जंतूचे पिवळे दाणे दिसतात म्हणे. औषध साधं पेनिसिलिन, पण महिनाभर शिरेतून आणि पुढे कितीतरी महिने गोळ्या.

मी आनंदानं तुझ्याकडे वळणार होते. तेवढ्यात राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना त्या बाईंनी तुझ्या खाटेपाशी उभं राहून केस सांगितली. अनंतभाऊ उशाशी होते. पंधरा वर्षं कॉपर-टी, हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारले गेले. कुणाच्या मनात काही नव्हतं. केस अशीच सांगतात.

तू डोळे मिटलेस. अनंतभाऊ बाहेर गेले. मी मागोमाग गेले. जिन्याच्या खिडकीपाशी ते उभे होते. मला वाटलं माझ्यावर ओरडतील, मी तयार होते. त्यांनी विचारलं.

"जुबेदाबाय, ता किती वर्सा भियत ऱवला?"

ती किती वर्षं भीत राहिली, एवढंच त्यांना हवं होतं. पंधरा, मी म्हटलं. ते परत आत गेले, स्टुलावर बसले आणि मोसंबं सोलायला घेतलं. एकेका फोडीची साल काढून, बिया काढून तुझ्या हातावर ठेवत गेले. सबंध मोसंबं. तू खाल्लंस. तू मला नंतर सांगितलंस, की त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांच्याशी तू दुसऱ्या दिवशी बोललीस. माझ्याशी नाही. शेतं कापणीला आली होती म्हणून ते गावी गेले आणि मी रजा काढून तुझ्यापाशी राहिले. तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस. आता त्या दिवसांकडे बघितलं की ते एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. दर चार तासांनी सलाईनमधून पेनिसिलिन जायचं. दुपारी खिडकीतून सुरूच्या झाडांची सावली यायची, तुझ्या चादरीवरून सरकत समोरच्या खाटेवर जायची. समुद्र दिसत नव्हता, पण वाऱ्याला त्याचा वास होता. मी स्टुलावरच पेंगायचे आणि मला वाटायचं आपण दोघी एका होडीत आहोत. वल्हवणारं कुणी नाही आणि घाईही नाही.

नवव्या दिवशी तू भिंतीशीच बोलावं तशी बोललीस. तुला स्वप्न पडलं होतं. तुमच्या वरच्या शेतात तू उभी, पाणी घोट्याएवढं, आणि भात पिकून पिवळं झालेलं. तू कापायला वाकलीस तर कणीस हातात येईना, नुसते दाणे पाण्यावर तरंगत निघाले. त्यांच्यामागून चालत चालत तू समुद्रापर्यंत गेलीस. मग कुशीवर वळून माझ्याकडे पाहत म्हणालीस, "माझ्या पोटात भात पिकला गो." आणि तुला हसू आलं. मलाही आलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळेना आपण दोघी हसतोय की रडतोय.

मला वाटलं, संपलं. पण तू हसणं थांबवून सरळ विचारलंस, कुणी सांगितलं? मी, म्हटलं. न सांगता तुझी अंडाशयं गेली असती, आतडं कापलं असतं, सगळं विनाकारण. तू म्हणालीस, ते मला कळतं.

"तुया माका वाचवलंस. पण माका इचारूक होया होता. मी तेका सांगतलंय होतंय."

"पंधरा वर्सांत सांगलंस नाय."

"सोळाव्या वर्साक सांगलंय आसतंय. ता माझा सांगणा होता. तुया घेतलंस."

तेच आपलं भांडण. गाठ विरत गेली, गोळ्या संपल्या, उजवी नळी बंद झाली ती झाली, बाकी तू धडधाकट झालीस. मी निवृत्त होऊन आचऱ्याला घरी आले. नऊ वर्षं आपण भेटत राहिलो. तू ओले काजू सोलून आणायचीस, मी तुला सुकी मासळी, सुंगटं बांधून द्यायचे, आणि पडवीत बसलं की कुठूनतरी विषय तिथे यायचाच. मी म्हणायचे, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. तू म्हणायचीस, म्हटलं असतं कदाचित, मग तू समजावलं असतंस, मी ऐकलं असतं, आणि अनंतला ते डॉक्टरच्या तोंडून ऐकावं लागलं नसतं. मी म्हणायचे, वेळ नव्हता. तू म्हणायचीस, बारा दिवस होते.

त्यावर मी चहा ठेवायला उठायचे. स्वयंपाकघरात उभी राहून मला कळायचं की तुझंच बरोबर आहे. आयुष्यभर बायकांच्या वतीनं मी बोलत आले होते, सासवांशी, नवऱ्यांशी, डॉक्टरांशी. त्यातल्या किती जणींना मी आधी विचारलं होतं? चहा घेऊन बाहेर यायचे आणि दुसरंच काहीतरी बोलायचे. तू पण तो विषय सोडून द्यायचीस, खाडीकडे बघायचीस. तुला घाई नव्हती. आपल्याला खूप वेळ आहे असं दोघींनाही वाटत होतं.

यंदा लावणीच्या दिवसांत तुझा फोन आला. पोटऱ्या भरून आल्यात, म्हणालीस. मी ताप विचारला. आहे थोडा. मी सांगितलं, शालन, आजच दवाखान्यात जा, हा लेप्टो असेल, शेतातल्या पाण्यानं होतो, पहिल्या दिवशी गोळी पडली तर काही नाही. तू म्हणालीस, उद्या जाते, शेताचा एकच तुकडा, एक कुणगा लावायचा उरलाय. मी रागावले. तू हो हो म्हणून फोन ठेवलास. तो कुणगा तू लावलास, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीचाही. तिसऱ्या दिवशी अनंतभाऊ तुला उचलूनच घेऊन गेले. हजारात एखादीला होणाऱ्या दुखण्यातून तू सुटलीस आणि जे आपल्याकडे दर पावसाळ्यात कुणाकुणाला होतं त्यानं तुला नेलं. मला ह्याचा अर्थ लावता येत नाही. लावायचाही नाही.

मी पोचले तेव्हा सकाळ होती. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. लघवी थांबली होती, डायलिसिसची तयारी चालली होती. पण तू शुद्धीत होतीस. मला बघून सरकून जागा करून दिलीस, जसं काही मी तुझ्या घरापुढच्या खळ्यात गप्पा मारायला आले होते. मी तुझा हात धरला. गरम होता आणि हलका. मला वाटलं, आता नाही तर नाही.

"शालन, माका तेव्हा तुका इचारूक होया होता. चुकलंय मी."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. ऐकलंस की नाही, मला अजून कळत नाही. तुझे ओठ सुकले होते, मी कापसानं ओले केले. मग तू दाराकडे पाहिलंस. दीपा रात्रभर बसनं येऊन तिथे बाकावर बसली होती.

"दीपान कालपासना काय खाल्ला नाय," तू म्हणालीस. "तेका जेवक घाल."

मी म्हटलं, मी इथे बसते, अनंतभाऊ नेतील तिला. तू मान हलवलीस. नाही, तू ने.

मी गेले. आम्ही खाली असतानाच तुला डायलिसिससाठी आत नेलं. वर आलो तेव्हा तुझ्या तोंडावर मास्क होता आणि डोळे मिटलेले होते, ते तू पुन्हा उघडले नाहीस. माझ्या बोलण्यावर तुझं काय म्हणणं होतं ते राहिलं. राहू दे. पण तू सांगितलेल्या कामाचं काय झालं ते तुला कुणी कळवलं नसेल, म्हणून कळवते.

इस्पितळाच्या दाराशी खानावळ आहे, तिथे नेलं तिला. आधी नको म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आईनं सांगितलंय. तेव्हा हात धुऊन बसली. बांगड्याची कढी होती. काटे मी काढून दिले, ती लहान असल्यासारखे, आणि तिनं ते काढू दिले. पहिले दोन घास तिला गिळवेनात. मग खायला लागली. मधे मधे रडत होती, पण जेवत होती. भात दोनदा मागून घेतला, ताट बोटांनी निपटलं आणि वर माझ्या वाट्याचा अर्धा बांगडा खाल्ला.

जेवली गो ती, शालन. पोटभर जेवली.